सांदवाडीची आखणी: काळ्या मातीत बसायचा ओटा, वाफे आणि पाण्याची वाट

तुराटी
माझं घर पश्चिमाभिमुख, समोर रस्ता. मागे पूर्वेला सांदवाडी, म्हणजे परस: दक्षिणोत्तर 30 फूट, पूर्व-पश्चिम 36 फूट. तालुका दारव्हा (जि. यवतमाळ), माती काळी, तीन-साडेतीन फुटांवर मुरूम लागतो. घराची मागची भिंत 11 फूट उंच, दार तिच्या मधोमध. जमिनीला ईशान्येकडे पाच-सहा इंचांचा उतार आहे. ईशान्य कोपऱ्यात जुना कडुनिंब. मोरीचं पाणी नैर्ऋत्य कोपऱ्यातून बाहेर येतं. छताचं साधारण 500 चौरस फुटांचं पाणी दोन पाइपांनी मागेच पडतं.

चार खुर्च्या, एक टेबल आणि उन्हाळ्यात दोन खाटा मावतील एवढी फरसबंद जागा हवी. शिवाय थोडा भाजीपाला, तीन-चार फळझाडं, दारात फुलं. बसायची जागा निंबाखाली करावी असं घरच्यांचं म्हणणं आहे. तिथे फरशी कोणती लावावी?

गुण्या-ओळंबा
फरशी शेवटी. काळ्या मातीत आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते कागदावर काढा, मग खुर्च्या मांडा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते. सगळीकडे सारखी फुगली तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिला की तिथेच फरशी उचलते. तुमच्याकडे कोपरे ओले करणाऱ्या तीन जागा आहेत: मोरी, छताचे पाइप आणि ईशान्येचा खोलगट भाग.

निंबाखालची जागा म्हणूनच नको. अख्ख्या वाडीचं पाणी तिथे उतरतं. पाया खोदताना मुळं तोडावी लागतील, आणि जी राहतील ती फरशी उचलतील. जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्यांचा चिकट चिखल होतो तो वेगळाच. शिवाय झाड ईशान्येला असल्यामुळे संध्याकाळी सूर्य पश्चिमेकडे कलला की सावली शेजाऱ्याच्या वाडीत पडते, तुमच्या नाही.

तुमच्याकडची खरी सावली घराच्या भिंतीची. मे महिन्यात आपल्या भागात 11 फूट भिंतीची सावली पूर्वेकडे दुपारी तीनला साधारण 9 फूट, चारला 14-15 फूट आणि पाचला 25 फुटांच्या आसपास जाते. ओटा मागच्या भिंतीला लागूनच घ्या, भिंतीपासून पूर्वेकडे 12 फूट आणि भिंतीच्या लांबीने 14 फूट. दोन खाटा, चार खुर्च्या आणि त्यांच्यामधून चालायला वाट एवढ्यात बसते. 10 बाय 10 मध्ये टेबल-खुर्च्या मावतात, पण खाट टाकली की खुर्ची मागे सरकवायला जागा उरत नाही.

एक बारीक गोष्ट. उन्हाळ्यात मावळतीचा सूर्य नेमका पश्चिमेला नसतो, थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. घराच्या उत्तरेला गल्ली असेल तर साडेपाचनंतर तिच्यातून तिरपं ऊन ओट्यावर येईल. तिथे एखादा वेल किंवा बांबूची जाळी लागेल.

वावरवाला
भाऊ, काहीबी करा पन कडप्पा लावू नका बाप्पा. मे महिन्यात दुपारी त्याच्यावर पाय ठेवता येत नाही, आन् रात्री दहापर्यंत तापलेलाच राह्यते. खाट टाकून झोपाचं हाय तं फिक्कट रंगाचं काही पाह्यजा.

तुराटी
उत्तरेला चार फुटांची गल्ली आहे, म्हणजे ते ऊन येणारच. आता पाया कसा करायचा ते सांगा. गावातला मिस्त्री म्हणतो, अर्धा फूट खोदून रेती भरू आणि वरून चार इंच काँक्रीट टाकू.

गुण्या-ओळंबा
काळ्या मातीत रेती भरली की त्या खड्ड्याचा हौद होतो. पाणी रेतीतून झटक्यात खाली उतरतं, पण खालची माती ते पुढे जाऊ देत नाही. ते तिथेच मुरतं आणि माती फुगते. वरचं चार इंच काँक्रीट मग दोन पावसाळ्यांत तिरपं तडकतं. सळया घातल्या तरी तडा थांबत नाही, बारीक होतो एवढंच.

खड्डा ओट्यापेक्षा तिन्ही मोकळ्या बाजूंनी एक फूट मोठा घ्या, म्हणजे 13 बाय 16, आणि खोली 15 इंच. भरावाला मुरूम असा हवा की ओला करून मुठीत दाबल्यावर गोळा बनेल. नुसता खडीसारखा मोकळा मुरूम पाणी खाली सोडतो, तो नको. काळ्या मातीची ढेकळं मिसळलेला तर ट्रॉलीतूनच परत पाठवा. पाच-साडेपाच इंचांचा सैल थर, पाणी, धुमस (ठोकून दाबणं), मग पुढचा थर. असे तीन थर दिले की दबून बारा इंच राहतात. सैल मापात हा मुरूम पावणेतीन ब्रास लागतो (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ठेकेदार दीड ब्रासमध्ये होईल म्हणाला तर तो धुमसणार नाही हे समजून घ्या.

त्यावर 40 मिलिमीटर गिट्टीचा तीन इंच थर, तिच्या फटी चुरीने (दगडाच्या बारीक भुकटीने) ठासून भरलेल्या. अर्धा ब्रास गिट्टी पुरते. मग एक इंच चुरी आणि तिच्यावर 60 मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक. सगळं मिळून साडेअठरा इंच होतं, म्हणजे ओटा जमिनीपासून तीन-साडेतीन इंच वर राहतो. तो घराच्या जोत्यापासून किमान सहा इंच खालीच असला पाहिजे, नाही तर पावसाचे शिंतोडे भिंतीत ओल धरतात.

उतार घरापासून बाहेर, दर 10 फुटांना 2 इंच. तुमच्या 12 फुटांना अडीच इंच धरा. हा उतार खड्ड्याच्या तळापासून द्यायचा. वरच्या चुरीत द्यायला गेलात तर एका टोकाला चुरी तीन इंच जाड होते आणि तिथलेच ब्लॉक खाली बसतात.

कन्हार
हे काम कधी करायचं तेही सांगून टाका. बहुतेक जण एप्रिल-मेत करतात, मजूर मोकळे असतात म्हणून. तेव्हा माती पूर्ण आकसलेली असते, भेगांत हात जातो. तिच्यावर भराव करून ठेवला की जून-जुलैत खालून सगळं वर ढकललं जातं. दिवाळीनंतर जमीन वापशावर असते, म्हणजे ना चिखल ना कोरडी, तेव्हाचं काम टिकतं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर खड्डा खोदून रोज पाणी सोडा. भेगा मिटेपर्यंत भिजू द्या, मग वापसा आल्यावर मुरूम भरा. चिखलावर मुरूम टाकला तर धुमस नुसती उसळते.

झाडोरा
झाडांबद्दल लिहितो. उंच होणारं सगळं उत्तरेच्या कुंपणाला न्या. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा सूर्यसुद्धा दक्षिणेला जेमतेम 45 अंशांवर असतो आणि सावल्या उत्तरेकडे लांब पडतात. दक्षिणेला झाडं लावली तर मेथी-सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यांवर हिवाळाभर सावली राहील. आग्नेय कोपरा मोकळाच ठेवा. थंडीत सकाळचं ऊन तिकडून ओट्यावर येतं.

उत्तरेच्या 36 फुटांतले शेवटचे 15 फूट निंबाखाली गेले. उरलेल्या वीस-एकवीस फुटांत एक लिंबू आणि एक जाम (पेरू), तोही दर वर्षी छाटून आटोक्यात ठेवलेला. मधल्या जागेत गोडनिंब (कढीपत्ता). तीन-चार फळझाडं लावलीत तर पाचव्या वर्षी सगळी एकमेकांत घुसतील आणि एकही नीट फळणार नाही. सीताफळ हवंच असेल तर पूर्वेच्या कुंपणाला, मधोमध. मुनगा (शेवगा) भिंतीपासून 10 फूट दूर. फांदी कडकन मोडते, कवेलूवर (कौलांवर) पडली की दहा-वीस कवेलू जातात.

लिंबू सपाट काळ्या जमिनीत लावू नका. दीड फूट उंच आणि चार फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, कलमाचा जोड मातीपासून अर्धा-पाऊण फूट वर. जोड मातीत गेला किंवा बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या येतो, म्हणजे खोडातून डिंक वाहतो आणि साल कुजते. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावायचं: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादलीला मोरचूद खातं. आळं दुहेरी करा, म्हणजे आतल्या कड्यात माती उंच राहते आणि पाणी बाहेरच्या कड्यात फिरतं.

वावरवाला
जाम आन् पपई लावून राह्यले तं माकडांचं काय? आमच्याकडं टोळी आली का एक फय ठेवत नाही.

झाडोरा
जाळी लावून त्यांना अडवता येत नाही, फांदीच मोडतात. लिंबू, गोडनिंब, गवती चहा, अडुळसा यांना ती सहसा हात लावत नाहीत. पपई घराच्या अगदी जवळ, माणसाच्या सतत नजरेत असेल तरच. कुंपणाला कण्हेर चालते, पण विषारी आहे. शेळ्या बांधत असाल किंवा लहान पोरं असतील तर नको.

गुण्या-ओळंबा
पपई घराजवळ म्हणजे भिंतीला चिकटून नव्हे. भिंतीपासून तीन फुटांत रोज पाणी लागणारं काहीच नको, तुळशीवृंदावन सोडून. पाया एका बाजूने ओला राहिला की भिंतीला दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. मोठं झाड उलट करतं, ते पायाखालची माती शोषून कोरडी करतं. निंब-चिंच घरापासून 20 फूट तरी लांब हवेत. वड-पिंपळ या वाडीत नकोतच.

ओट्याच्या कडेचाही हाच नियम. कडेपासून तीन फूट कोरडी पट्टी, त्यात मुरूम दाबून वर बारीक गिट्टी. मोगरा, शेवंती, गुलाब कुंड्यांत लावून या पट्टीवर ठेवा. दारात फुलं हवीत ती अशी मिळतात आणि ओट्याची कडही कोरडी राहते.

तुराटी
मोरीच्या पाण्यावर तिथेच केळी लावायची असं ठरलं होतं.

कन्हार
तिथेच म्हणजे घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला बारमाही ओल. नको. तीन इंची पीव्हीसी पाइपने ते पाणी दक्षिणेच्या कुंपणाने 15-16 फूट पुढे न्या आणि मग केळी, कर्दळ, अळू लावा. केळी मोरीच्या पाण्यावर दांडगी वाढते, म्हणून दोनच खुंट ठेवा, नाही तर वर म्हटलेली दक्षिणेची सावली पडेल. पाइपाच्या तोंडाशी विटांचा दोन बाय दोन फुटांचा खड्डा करून त्यात गिट्टी आणि वर जाड रेती भरा. साबणाचा मळ रेतीच्या वरच्या थरात अडकतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो थर खरवडून काढायचा. कच्ची खायची पालेभाजी या पाण्यावर घेऊ नका.

छताचं पाणी किती असतं याचा अंदाज लोकांना नसतो. 500 चौरस फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे जवळपास 1,180 लिटर. ते पाइपातून ओट्याच्या कडेला पडलं तर गुण्याभाऊंनी सांगितलेला सगळा पाया वाया. दोन्ही पाइप भिंतीवरूनच आडवे उत्तरेच्या गल्लीत न्या, तिथे 1,000 लिटरची टाकी, आणि टाकी भरल्यावरचं पाणी उत्तरेच्या कुंपणालगतच्या उघड्या नालीने ईशान्येला. लिंबाचा उंचवटा आणि नाली यांच्यात तीन फूट सोडा. ओट्याखालून पाइप पुरू नका. जमीन हलली की जोड निसटतो आणि खाली मुरणारं पाणी वर्षभर कळत नाही.

शोषखड्डा करायचा असेल तर तळ मुरमात गेला पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे चार-साडेचार फूट, आणि घरापासून 20 फूट लांब. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा पहिल्या आठवड्यात डासांचं डबकं होतो.

पूर्णाकाठ
खारपाणपट्ट्यातल्यांसाठी एक जोड. दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगाव या भागांत विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे. त्याने केलेलं काँक्रीट आणि विटांची कड दोन-तीन वर्षांत पांढरं पीठ सोडते आणि झडते. बांधकामाला टाकीत साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणीच वापरा. शहाबादी फरशीचेही आमच्याकडे पापुद्रे निघतात, कारण खालून क्षार वर चढतात. लिंबू आणि संत्रा खाऱ्या पाण्यावर जगत नाहीत, पानांच्या कडा जळत जातात. बोर, चिंच, बोगनवेल, कण्हेर टिकतात. माती-पाणी तपासून घ्या आणि जिप्समची मात्रा त्या अहवालावरूनच ठरवा, शेजाऱ्याने किती टाकलं त्यावरून नाही.

सडा-सारवण
सगळे पेव्हर ब्लॉकवरच का अडलेत? मुरूम धुमसून वर पांढरी माती आणि शेणाचं सारवण. त्याच्याइतकं थंड काहीच नाही, खर्चही नाही. रात्री खाट टाकायला याहून चांगली जमीन सांगा.

गुण्या-ओळंबा
थंडपणाचं म्हणणं मान्य. पण ते दर आठवड्याला करणारे हात घरात हवेत, आणि आषाढ-श्रावणात त्याचा चिखल होतो. मधला मार्ग आहे: दाराजवळचे 12 बाय 14 फूट फरसबंद आणि पुढे उत्तरेला खाटांपुरती सारवलेली जागा.

बाकीच्या फरश्यांचं थोडक्यात. चकाकी केलेला कोटा पावसात घसरडा, म्हातारी माणसं पडतात. शहाबादी खरखरीत आणि बरी, पण मोठी फरशी खालची जमीन हलली की मधोमध तुटते आणि नेमकी त्या मापाची परत मिळत नाही. काळ्या मातीत लहान तुकडा चांगला. उचलला गेला तर काढायचा, चुरी कमी-जास्त करायची, परत बसवायचा. म्हणून सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतू नका, मिस्त्री कितीही म्हणाला तरी. ते ओतलं की सगळ्याचा एकच पत्रा होतो आणि ब्लॉक घेतल्याचा उपयोग संपतो.

बसवायची रीत. आधी चुन्याच्या फक्कीने आखा. गुण्या, म्हणजे काटकोन, 6-8-10 फुटांनी तपासा: एका बाजूला 6, दुसरीला 8, तर कर्ण बरोबर 10. पातळी पाण्याच्या नळीने काढा, नळीत बुडबुडा राहिला तर अर्धा इंच सहज चुकतो. मग तिन्ही बाजूंची कड: उभ्या विटा किंवा कर्ब, मागे 6 बाय 6 इंचांचं 1:3:6 (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीट. 38 फूट लांबीला दीड थैली सिमेंट पुरतं. कड नसेल तर ब्लॉक बाहेर सरकत जातात आणि मधले सांधे उघडे पडतात.

चुरी पसरायला एक इंची दोन पाइप जमिनीवर समांतर ठेवा, त्यांच्यावरून सरळ पट्टी ओढा, पाइप काढून त्यांच्या खाचा भरा. या चुरीवर पाय द्यायचा नाही, बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे सरकायचं. 200 बाय 100 मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला 50 लागतात. तुमच्या 168 चौरस फुटांना 780, तुटीसह 820 मागवा. सुरुवात घराच्या बाजूने, काटछाट शेवटी. मग वरून ठोकणी आणि कोरडी बारीक रेती झाडूने सांध्यांत. आठवड्याने रेती खाली बसते, तेव्हा परत भरायची.

लव्हाळा (गाठींचं तण) असेल तर खोदतानाच गाठी वेचून काढा. खाली प्लास्टिक किंवा वर्तमानपत्र घालून तो थांबत नाही.

कन्हार
पूर्वेच्या कडेची नाली राहिली. ओट्याच्या कडेला लागूनच नऊ इंच रुंद, विटांची, आतून गिलावा केलेली, कोरडी पट्टी तिच्या पलीकडे. दक्षिणेकडून उत्तरेकडे 14 फुटांत पावणेदोन इंच उतार. वर झाकण नको. झाकलेली नाली कोणी साफ करत नाही, त्यात निंबाचा पाला अडकतो.

तुराटी
वाफे पूर्वेच्या मोकळ्या भागात घेतो. ड्रमवर ठिबक चालेल का? 200 लिटरचा ड्रम तीन-चार फूट उंच ठेवून?

झाडोरा
चालेल, पण कंपनीच्या आकड्यावर जाऊ नका. 4 लिटर तासाचा ड्रिपर एक बार दाबाला तेवढं देतो. तीन फुटांवरच्या ड्रमचा दाब त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणून तासाला सव्वा लिटरच्या आसपास मिळेल. दाब-नियंत्रित ड्रिपर तर उघडणारच नाहीत. साधे ड्रिपर किंवा बारीक मायक्रोट्यूब घ्या, 16 मिलिमीटरची नळी 20-25 फुटांपेक्षा लांब नको, आणि ड्रमच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर हवाच. टाकीतलं छताचं पाणी शेवाळ आणतं.

वाफे चार फूट रुंद, 10 फूट लांब, पाऊण फूट उंच, मधे दीड फुटाची वाट. चार फुटांहून रुंद केले तर मधल्या रोपापर्यंत हात पोहोचत नाही आणि वाफ्यात पाय पडतो. ओट्याच्या खड्ड्यातून सव्वातीन ब्रास सैल माती निघेल. चार वाफ्यांचा भराव सव्वा ब्रास, त्यात माती निम्मीच लागते, बाकी झाडांच्या उंचवट्यांना. मातीचे दोन भाग, कुजलेलं शेणखत एक, बारीक मुरूम एक. थोडीशी रेती मिसळून काळी माती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट होते. ताजं शेण टाकलं तर मुळं खाणारी हुमणी आणि वाळवी बोलावल्यासारखंच. वरून सोयाबीन-तुरीच्या कुटाराचं (भुशाचं) दोन इंच आच्छादन, झाडाच्या बुंध्यापासून आणि लाकडी खांबांपासून सहा इंच सोडून.

मार्च ते मे 50 टक्क्यांची शेडनेट लागेल, नाही तर टमाट्याचा फुलोरा गळतो. ओट्याला सावलीसाठी दोडका-वालाचा मांडव चांगला दिसतो, पण तो बहरतो पावसाळ्यात आणि सावली हवी असते एप्रिलमध्ये. गल्लीच्या तोंडाशी मधुमालती लावा, ती बारमाही आहे. ओट्यावर सुटी नेट. जूनच्या वादळाआधी ती काढायची. खांबांसकट उडते.

वावरवाला
बांबू सरळ जमिनीत गाडू नका. वायवी दोन वर्षांत खालून पोकय करते.

गुण्या-ओळंबा
बरोबर. दोन-अडीच इंची लोखंडी पाइपचा तुकडा अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा, जमिनीवर एक फूट राहू द्या आणि बांबू त्यात खोचा. काँक्रीटचा तळ वरच्यापेक्षा रुंद ठेवा. सरळ नळकांडं भरलं तर फुगणारी माती त्याला वर्षागणिक वर ढकलते.

झाडीपट्टी
ब्रह्मपुरीकडे पाऊस तुमच्यापेक्षा बराच जास्त, इथे वाफे दीड फूट उंच घेतात. बाकी गणित तेच. रात्री बाहेर झोपणार असाल तर ओट्याच्या आसपास विटांचा ढीग, दगड, पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) भारा ठेवू नका. मण्यार आणि विंचू तिथेच दबून असतात. रातराणीला साप येतो हे खरं नाही. दाट झुडपात बेडूक-उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप येतो, म्हणून झुडूप कोणतंही असो, खाटेपासून लांब. दिवा पिवळसर लावा, पांढऱ्यावर किडे जास्त.

तुराटी
ठरलं ते असं. भिंतीला लागून 12 बाय 14 ओटा, त्याच्या उत्तरेला खाटांपुरती सारवलेली जागा. ओट्याच्या कडेला नाली, तिच्या पलीकडे तीन फूट कोरडी पट्टी आणि कुंड्या, पुढे चार वाफे. उत्तरेला लिंबू, जाम, गोडनिंब, दक्षिणेला पाइपने नेलेल्या मोरीच्या पाण्यावर दोन केळी. आग्नेय कोपरा मोकळा. काम दिवाळीनंतर. निंब तसाच राहतो, त्याच्याखाली काय?

कन्हार
काहीच बांधू नका. पालापाचोळ्याचा खड्डा खोदायचा तर बुंध्यापासून आठ-दहा फूट लांब, आणि पाणी जिथून बाहेर जातं ती वाट सोडून. गावाची नाली तुमच्या ईशान्य कोपऱ्यापेक्षा उंच नाही ना, हे कामाआधी पाण्याच्या नळीने बघून घ्या. उंच निघाली तर सगळे उतार दुसरीकडे फिरवावे लागतील.

गुण्या-ओळंबा
सारवलेल्या जागेखालीही तोच मुरूम आणि तोच उतार द्या, नाही तर ओट्याची उत्तरेची कड तिथून ओली होईल. आणि 820 मधले उरलेले ब्लॉक परत देऊ नका. पहिल्या पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे दहा-पंधरा उचलून परत बसवावे लागतात, त्यात दोन-तीन फुटतात, आणि पुढच्या वर्षी त्याच रंगाचे मिळत नाहीत.